कॅम्पर जोडला की अ‍ॅव्हरेज कुठे जातं? मिडसाइज ट्रकवाल्या नव्या मंडळींसाठी

आमच्या डेन्व्हरच्या आसपास गेल्या काही वर्षांत ओळखीतल्या चार-पाच मराठी घरांनी कॅम्पर, म्हणजे ट्रकमागे ओढायचं चाकांवरचं छोटं घर, घेतले आणि पहिली ट्रिप झाली की प्रत्येकाचा मला फोन येतो तो एकाच विषयावर, "अरे ट्रकमध्ये काहीतरी प्रॉब्लेम आहे, अ‍ॅव्हरेज निम्म्यावर आलंय." ट्रक ठणठणीत असतो. टकोमा, रेंजर, कोलोरॅडो, फ्रंटियर असल्या मिडसाइज पिकअप ट्रकमागे चौकोनी कॅम्पर लावला की ९ ते १२ एमपीजी, म्हणजे गॅलनला तेवढे मैल, मिळणं हे नॉर्मल आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर लिटरला चार ते पाच किलोमीटर. हा आकडा आधीच डोक्यात पक्का करून ठेवलात तर पुढचं सगळं प्लॅनिंग सोपं जातं, आणि त्या आकड्यातही दोन-अडीच एमपीजी आपल्या हातात असतात, ते कसे वाचवायचे तेच मी इथे सांगतोय.

माझा ट्रक तिसऱ्या पिढीचा टकोमा, ३.५ लिटर व्ही-सिक्स, फोर व्हील ड्राइव्ह, एकटा चालला तर हायवेला २०-२१ देतो. कॅम्पर २० फुटी डब्बा.

आधी हे समजून घ्या की गॅस (म्हणजे इकडचं पेट्रोल) खातो कोण

मागच्या वर्षी बाबा आले होते. बाबा सातारा डेपोला एसटीवर ड्रायव्हर होते, अख्खी नोकरी खंबाटकीच्या घाटातून गेली. एसटीत डिझेलचा हिशोब केपीटीएलमध्ये करतात, म्हणजे दहा लिटरमध्ये किती किलोमीटर, आणि तो आकडा घसरला की डेपोत विचारणा होते, त्यामुळे बाबांना हा विषय माझ्यापेक्षा जास्त कळतो. त्यांनी कॅम्परला एक चक्कर मारली, पुढच्या सपाट बाजूवर तळहात ठेवला आणि म्हणाले, "ही भिंत आहे रे. ही भिंत वाऱ्यात ढकलत नेणार तू."

सगळं त्यातच आलं. नवीन माणूस फक्त वजन बघतो, पण सपाट रस्त्यावर एकदा स्पीड धरला की वजनाचा त्रास कमी असतो, तो असतो चढावर आणि सिग्नलवरून उचलताना. हायवेला गॅस खाते ती हवा. माझा कॅम्पर ८ फूट रुंद आणि एसीसकट १० फुटांच्या वर उंच आहे, म्हणजे समोरून बघितलं तर ट्रकच्या दुपटीहून जास्त भिंत. आणि हवेचा विरोध स्पीडच्या वर्गाने वाढतो, ताशी ५५ मैलाचा ६५ केला की स्पीड वाढला १८ टक्के पण हवेचं ओझं वाढलं ४० टक्के. हे एवढं गणित लक्षात ठेवा, बाकी बरंच काही त्यातूनच निघतं.

अजून कॅम्पर घेतला नसेल तर

मग तुमच्या हातात सगळ्यात मोठा निर्णय शिल्लक आहे. डीलरकडे सगळे आधी बेड किती, बाथरूम केवढं हे बघतात, आम्हीही तेच बघितलं. तुम्ही एकदा समोर वीस फुटांवर उभं राहून बघा की ट्रकच्या मागून किती भाग वर आणि बाजूला दिसतोय. टिअरड्रॉप ट्रकच्या सावलीतच चालतो, पॉपअप घडी करून खाली बसतो, त्यामुळे असल्यांबरोबर १४-१६ सहज मिळतात. स्कॅम्प, कसिटा असले फायबरग्लासचे गोल अंड्यासारखे कॅम्पर मधले, छोटे असतात आणि कडा गोल असल्यामुळे हवा बरी सरकते. आणि माझ्यासारखा चौकोनी डब्बा सगळ्यात खादाड. ७ फूट रुंदीचा आणि ८ फूट रुंदीचा असे दोन पर्याय असतील आणि चार जणांचं भागत असेल तर मी डोळे झाकून ७ फुटी घ्या म्हणेन. काही ट्रकच्या मॅन्युअलमध्ये वजनाबरोबर कॅम्परच्या समोरच्या क्षेत्रफळाचीही मर्यादा दिलेली असते, ते पान कोणी उघडत नाही, तुम्ही उघडा.

ट्रकचं म्हणाल तर जो आहे तो वापरा, फक्त अ‍ॅव्हरेजसाठी बदलू नका. छोटी टर्बो इंजिनं रिकामी चालताना छान अ‍ॅव्हरेज देतात पण ओझं लागलं की सतत बूस्टमध्ये राहतात आणि इंजिन थंड ठेवायला जास्तीचं पेट्रोल ओततात, त्यामुळे ओढताना व्ही-सिक्स आणि टर्बोत फार फरक उरत नाही. टर्बोचा खरा फायदा उंचीवर आहे, त्यावर पुढे येतोच. २०१६ ते २०२२ मधल्या कोलोरॅडो आणि कॅन्यनला २.८ लिटरचं डिझेल इंजिन मिळायचं, ओढायला ते मस्त, पण आता जुन्या गाड्यांमध्येच शोधावं लागेल.

वजन: आधी काटा, मग गप्पा

कॅम्परच्या माहितीपत्रकावरचं वजन कोरडं असतं, म्हणजे पाणी नाही, गॅस सिलेंडर भरलेले नाहीत, कुकर-तवा-तांदूळ काही नाही. माझ्यावर ३,८०० पाउंड लिहिलंय, भरून काट्यावर नेला तर ४,६५० निघालं. हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल नावाचा वजनकाटा असतो, दहा-पंधरा डॉलरच्या आसपास लागतात, एकदा तरी जाऊन या.

विकणारा तुम्हाला ट्रक ६,४०० पाउंड ओढतो एवढंच सांगेल. मला एकाने तर "फरक जाणवणार पण नाही" असंही सांगितलं होतं. तुम्ही ड्रायव्हरचं दार उघडून तिथला पिवळा-पांढरा स्टिकर वाचा, माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते त्यावर असतं. माझ्यावर १,१२० आहे. कॅम्परच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार हिचच्या बॉलवर, म्हणजे ट्रकमागच्या ज्या गोळ्यावर कॅम्पर अडकवतो त्यावर, यायला हवा, माझा येतो ५८० च्या आसपास, आणि तो या १,१२० मधूनच जातो. मग मी, बायको, मुलगी आणि बाबा असे चौघं बसलो की संपलंच, कूलर ठेवायलाही जागा नाही. म्हणून जड सामान कॅम्परमध्ये, चाकांच्या बरोबर वर, अगदी पुढे नाही आणि अगदी मागे तर मुळीच नाही, कारण मागे वजन गेलं की कॅम्पर शेपटी हलवायला लागतो आणि तो प्रकार फार वाईट.

टाकीत पाणी भरून नेऊ नका. एक गॅलन पाणी ८.३ पाउंड, ४० गॅलनची टाकी म्हणजे ३३० पाउंडांच्या वर, आणि बहुतेक कॅम्पग्राउंडवर नळ असतोच. हात धुण्यापुरतं चार-पाच गॅलन पुरतं. हेच परत येताना सांडपाण्याच्या टाक्यांचं, कॅम्पग्राउंडवरच डंप स्टेशनला रिकामं करा आणि मग निघा.

निघायच्या दिवशी सकाळी

टायरची हवा थंड असताना तपासा, ट्रकची दाराच्या स्टिकरप्रमाणे आणि कॅम्परची टायरच्या बाजूवर लिहिलेली कमाल मर्यादा गाठेपर्यंत. कॅम्परच्या टायरमध्ये हवा कमी असली तर अ‍ॅव्हरेज तर पडतंच पण टायर गरम होऊन फुटतात, आणि फुटलेला टायर कॅम्परची खालची बाजू फाडून टाकतो.

छपरावरची व्हेंट बंद, खिडक्या बंद, चांदवा नीट गुंडाळलेला. ट्रकच्या टपावर सायकली बांधू नका. केबिनच्या टपावर लावायचे हवा वळवणारे पंख मिळतात, मी एकाकडून मागून लावून बघितला, दोन ट्रिपमध्ये मला वहीत फरक सापडला नाही, त्यात पैसे घालू नका असं माझं मत.

आणि वाऱ्याचा अंदाज बघा. पाऊस सगळे बघतात, वारा कोणी बघत नाही.

वाऱ्याचं का सांगतोय ते ऐका

आमची दुसरीच ट्रिप नेब्रास्कात ओगलालाजवळच्या लेक मॅकनाही या तळ्याला होती. साधारण २१० मैल, आय-७६ हायवे, जवळजवळ सगळा सपाट. जाताना मी ६५-६८ ने गेलो, ११.४ आलं. येताना दुपारी निघालो आणि समोरून ताशी २५ मैलाचा वारा. आता हिशोब करा, मी ६५ ने चाललोय आणि वारा २५ ने समोरून येतोय म्हणजे कॅम्परच्या भिंतीला हवा ९० ने धडकतेय, विरोध जवळजवळ दुप्पट. गिअर सारखा खाली पडतोय, सुई डोळ्यांदेखत खाली येतेय. स्टर्लिंगला गॅस भरायला थांबलो तर दार उघडताना वाऱ्याने हातातून हिसकावलं, मुलीची टोपी पंपापासून पार रस्त्यापलीकडे गेली, आणि मी पंपाला टेकून नुसता आकडा चढताना बघत होतो. घरी येऊन हिशोब लावला, ८.६. डेन्व्हर ओगलालापेक्षा दोनेक हजार फूट उंचावर आहे हे खरं, पण त्या चढाचा खर्च फार तर एक गॅलन, आणि मला जास्तीचा लागला होता सहा गॅलन. बाकीचा सगळा वारा.

म्हणून प्लेन्समध्ये, म्हणजे नेब्रास्का, कॅन्सस, पूर्व कोलोरॅडो आणि विशेषतः वायोमिंगमध्ये आय-८० ला, पहाटे निघा. सकाळी वारा बहुतेक वेळा पडलेला असतो, दुपारी उठतो. समोरून जोराचा वारा असेल तर स्पीड आणखी पाच-सातने उतरवा, आणि आडवा असेल तर अ‍ॅव्हरेज विसरा आणि आधी कॅम्पर सरळ राहतोय का ते बघा. मोठ्या सेमी ट्रकच्या मागे चिकटून त्याच्या आडोशाने जायचा सल्ला काही लोक देतात. नका करू. ओढताना तुमचं ब्रेकिंगचं अंतर खूप वाढलेलं असतं, त्या आडोशात जाण्याएवढं जवळ जाणं म्हणजे जीव टांगणीला.

स्पीड ठरवा आणि त्यावर टिका

हे एकच काम फुकट आहे आणि सगळ्यात जास्त देतं. त्याच तळ्याला आम्ही पुढच्या वर्षी परत गेलो, तोच कॅम्पर, तेच सामान, वारा शांत, मी ६० च्या वर गेलो नाही, आलं १२.६. कॅलिफोर्नियात ट्रेलर असेल तर कायद्यानेच मर्यादा ५५ ची आहे, आणि कॅम्परला लावलेले बरेचसे एसटी (म्हणजे स्पेशल ट्रेलर) मार्कवाले टायर ६५ च्या वर चालवायचे नसतातच, तुमच्या टायरची मर्यादा बघून ठेवा. ७० ने जायचा मोह होतो कारण आजूबाजूचे ८० ने जात असतात. पण २०० मैलाला ७० आणि ६० मध्ये फरक पडतो अर्ध्या तासाचा, आणि ७० ने गेल्यामुळे जास्तीचा गॅस भरायला कॅम्पर घेऊन एकदा थांबलात की त्यातली वीस मिनिटं तिथेच गेली. माझं ठरलेलं आहे, उजवी लेन, ५८ ते ६२, मागचे पुढे जाऊ दे.

पैशात बघायचं तर २,००० मैलाची ट्रिप धरा आणि गॅलन साडेतीन डॉलर. १० च्या अ‍ॅव्हरेजने ७०० डॉलर, १२.५ ने ५६०. वरच्या १४० डॉलरमध्ये स्टेट पार्कच्या तीन-चार रात्री निघतात.

गिअर आणि पाय

ट्रकमध्ये टो मोड, म्हणजे ओढतानाची गिअरची सेटिंग, असेल तर लावा. नसेल तर सगळ्यात वरचा गिअर बंद करा. टकोमात मी गिअर एस मध्ये टाकून ५ वर ठेवतो, चढावर ४ वर. नव्या माणसाला आरपीएम ३,००० च्या वर गेलं की भीती वाटते, त्याला वाटतं इंजिन ओरडतंय म्हणजे गॅस जातोय, म्हणून तो वरच्या गिअरमध्ये ठेवून पाय आणखी दाबतो. उलटं होतं. गिअरबॉक्स सहाचा पाच, पाचचा चार, परत सहा असा शोधत राहतो, त्याचं तेल तापतं आणि गॅसही जास्त जातो. या व्ही-सिक्सला जोर वरच्या आरपीएमलाच मिळतो, चढावर ४,००० ला गेलं तर जाऊ द्या.

क्रूझ कंट्रोल सपाट रस्त्यावर ठीक. चढउतारावर काढून टाका, कारण तो चढावर स्पीड टिकवायला पूर्ण दाबतो. बाबा शेजारी बसून सारखं एकच सांगत होते, "चढ लागायच्या आधी थोडा वेग घे, चढात पडला तर पडू दे, पाय हलवू नकोस." मी तसं करायला लागलो. चढाच्या माथ्यावर ४५ ला पोचलो तर ४५, हॅझर्ड लाइट लावून उजव्या लेनमध्ये.

आणि उतारावर त्यांचा घाटातला नियम, ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर. पाय काढलेला असताना आणि गाडी गिअरमध्ये असताना आताची इंजिनं गॅस जवळजवळ तोडतातच, म्हणजे ब्रेकही वाचतात आणि गॅसही. न्यूट्रलवर सोडू नका, कधीच नाही.

उंचीवर काय होतं

डेन्व्हर ५,२८० फुटांवर, तिथून आय-७० ने आयझेनहॉवर टनेलला ११ हजारांच्या वर जायचं. साध्या, म्हणजे बिनटर्बोच्या इंजिनाची ताकद दर हजार फुटाला साधारण ३ टक्के कमी होते, त्यामुळे वर माझ्या २७८ हॉर्सपॉवरमधले १८०-१९० च उरतात. टर्बोवाल्यांना हा त्रास खूप कमी. पण एक चांगलं पण होतं, हवा विरळ असल्यामुळे भिंतीला विरोधही कमी. आमच्या मोआब ट्रिपला आयझेनहॉवर आणि व्हेल पास दोन्ही चढून-उतरून ११.२ आलं, म्हणजे सपाट नेब्रास्कातल्या त्या वादळी दुपारपेक्षा कितीतरी चांगलं. घाटाला घाबरून लांबचा सपाट रस्ता घेऊ नका.

इकडे पंपावर एक गोष्ट जपा. कोलोरॅडोत रेग्युलर म्हणून मिळतं ते ८५ ऑक्टेन. बहुतेक ट्रकच्या मॅन्युअलमध्ये कमीत कमी ८७ लिहिलेलं असतं, तेव्हा ओढताना मधलं बटण दाबा. आणि ८५ म्हणजे ई-८५ नव्हे, ते इथेनॉलवालं वेगळं असतं, तुमचा ट्रक त्यासाठी बनलेला नसेल तर भरायचं नाही, आणि बनलेला असला तरी त्यात अ‍ॅव्हरेज पाव भागाने पडतं.

गॅस कुठे भरायचा ते घरी बसून ठरवा

माझी टाकी २१ गॅलन. १० ने धरलं तर २१० मैल, पण मी पाव टाकी राखीव ठेवतो, म्हणजे दर १५० मैलाला थांबा. नव्या टकोमाची टाकी १८ गॅलनची आहे, त्यांनी सव्वाशे धरा. हे फार वाटत नाही जोपर्यंत तुम्ही युटात जात नाही. मोआबवरून पुढे ब्राइस किंवा झायनला निघालात तर आय-७० ला ग्रीन रिव्हर ते सलायना शंभर मैलाहून जास्त अंतरात एकही पंप नाही, आणि रस्ता बराचसा चढाचा. ग्रीन रिव्हरला टाकी अर्धी असली तरी भरायचीच.

पंप निवडताना नकाशाच्या सॅटेलाइट चित्रात बघा की आत शिरून सरळ बाहेर पडता येईल का. ४० फुटांचं लटांबर घेऊन छोट्या पंपावर अडकलात तर रिव्हर्स घेताना घाम फुटतो. लव्ह्ज, पायलट, फ्लाइंग जे असल्या ट्रक स्टॉपवर बऱ्याच ठिकाणी आरव्हीसाठी, म्हणजे कॅम्परसारख्या राहायच्या गाड्यांसाठी, वेगळी लेन असते. कॉस्टकोला गॅस स्वस्त असतो पण कॅम्पर लावून तिथल्या रांगेत जाऊ नका, निघायच्या आदल्या दिवशी नुसता ट्रक नेऊन भरून आणा.

वही ठेवा

डॅशबोर्डवरचा आकडा बऱ्याचदा थोडा जास्तच दाखवतो. आपल्याकडे करतात तसं टाकी टू टाकी मोजा. पहिला क्लिक झाला की थांबा, वरून आणखी कोंबायचं नाही, मैल लिहा, गॅलन लिहा, भागाकार करा. माझ्या ग्लव्ह बॉक्समध्ये शाळेची दोनशे पानी वही आहे, त्यात आकड्याशेजारी चारच गोष्टी लिहितो: सरासरी स्पीड, वारा कुठून, रस्ता कसा, माणसं किती. ट्रकला मूळ साइजपेक्षा मोठे टायर लावले असतील तर ओडोमीटर मैल कमी मोजतो, तेव्हा आकडा खरा आहे त्यापेक्षा वाईट दिसेल, एकदा जीपीएसशी ताडून बघा.

या वहीचा खरा उपयोग मला कळला तो मागच्या सप्टेंबरमध्ये. नेहमीचाच आय-७०, वारा नाही, स्पीड ६०, आणि रायफलला भरलं तर ९.३. वहीत मागची चार पानं बघितली, त्याच पट्ट्यात कधीच ११ च्या खाली नव्हतं. बाबा खाली उतरले, कॅम्परच्या चारही चाकांपाशी गेले आणि मधल्या भागाजवळ एकेक करून हाताचा मागचा भाग नेत गेले, अगदी लावला नाही, इंचभर लांब. तीन चाकं कोमट. चौथ्याला त्यांनी हात झटकन मागे घेतला. डावीकडच्या मागच्या चाकाचा ब्रेक पूर्ण सुटत नव्हता, घासत चालला होता, आणखी शंभर मैल तसाच नेला असता तर बेअरिंग गेलं असतं. तिथेच गावात एका दुरुस्तीवाल्याकडून अ‍ॅडजस्ट करून घेतला, दीड तास गेला. ग्रँड जंक्शनच्या पुढे परत भरलं तेव्हा ११.३ आलं आणि बाबांनी वही मागून घेऊन तो आकडा स्वतःच्या हाताने लिहिला.